जीपच्या गळ्यातले चार हार

दसरा, १९७२. ऊन कडक, वारा अजिबात नाही.

गोखल्यांच्या जुन्या जीपमधून आम्ही बागबाजारहून गार्डन रीचला जेवायला निघालो. श्रीखंडाचं पातेलं माझ्या मांडीवर होतं आणि तिकडे पंगत त्याच्यासाठी खोळंबली होती. वाटेत एस्प्लनेडला इंजिन तापून वाफ निघाली. गोखल्यांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.

गोखलेवहिनी म्हणाल्या, "पूजेला दोनच हार घातले, म्हणून रुसली." त्यांनी झेंडूचा तिसरा हार आणून पुढच्या जाळीवर बांधला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा वाफ. वहिनींनी चौथा बांधला.

"अगं, हवा कुठून जाणार आत? काढ ते."

"पूजेचा हार संध्याकाळपर्यंत काढायचा नसतो. तुम्ही पाण्याचं बघा."

जरा पुढे जाऊन इंजिन पुन्हा तापलं. गोखले तिसऱ्यांदा पाणी आणायला गेले, तेवढ्यात एक गाय आली आणि हार खाऊ लागली.

"वहिनी, हाकलू का?"

"सणाच्या दिवशी गाय हाकलता?" म्हणत त्यांनी हात जोडले.

गायीने चारही हार खाल्ले. गार्डन रीचपर्यंत इंजिन तापलं नाही. श्रीखंड मात्र सगळ्यांनी वाटीने प्यायलं.