तेरावा महिना कुणाचा?

—न्हाय, न्हाय, पत्रिका दाखवायला न्हाय आले मी, जोशीकाका. दुपार झाली तुमची वाट बघण्यात. तुमी फकस्त पंचांग उघडा आन् सांगा — काल अवसंला आषाढ सरला, आजपास्नं धोंड्याचा महिना लागला, व्हय की न्हाय? मग ह्यो अधिकाचा महिना कुणाचा? देवाचा? देवाचा म्हणं! मग देवळात न्हेऊन ठिवू का सासूला?

हसू नका. आमची सासू सारजाबाई — तीन वर्सं झाली, उजवं अंग गेलंय तिचं. भरवायचं, धुवायचं, कूस बदलायची, समदं दुसऱ्याच्या हातानं. तिघं ल्योक, आन् तिघांनी पंचांपुढं बसून आईची वाटणी केली — चैतापास्नं चार महिनं थोरलं भावजी, जेऊरला. श्रावणापास्नं कार्तिकापातुर आमी, हितं सोलापुरात. पुढलं चार धाकटा, अकलूजला, साखर कारखान्यात हाय त्यो. पंच लई शानं! बारा महिनं बोटावर मोजलं, तेराव्याची याद एकालाबी न्हाय. आन् त्यो तेरावा सारखा माझ्याच दारात! वाटणी झाली त्याच साली भादवा दोनदा आला — गप ऱ्हायले, म्हटलं जाऊ दे. यंदा श्रावण दोनदा! पुन्हा मीच?

आज सकाळी थोरलं भावजी पॅशिंजरनं घिऊन आलं. दारात बसवली, म्हणालं, "वच्छला, नाव श्रावणाचं हाय, म्हंजी तुजाच महिना." चहासुदिक घेतला न्हाय — थांबलं आस्तं तर गाठोडं परत हातात दिलं आस्तं की मी! ह्याच माणसानं सासऱ्याचा गिरणीतला फंड उचलला, आईच्या औषधाला म्हणून. औषध? हिरीवर इंजान बसलं त्या औषधानं! आन् म्हातारी काय म्हणावी? "माज्या थोरल्या कोंडीबाचं इंजान लई ग्वाड वाजतंय." अशी येडी!

धाकट्याचं तर बोलूच नका. दर महिन्याला पोस्टकार्ड टाकतो — "आईची काळजी घेणे." घेणे! जसा काय कलेक्टर लागून गेला. आमचं मालक म्हणत्यात, आई हाय, ठिवू. ठिवू! ह्ये जाणार गिरणीत पाळीला, आन् ठिवणार कोण? म्हातारी घरात आसली की माज्या हजार बिड्यांच्या पाचशे हुत्यात. बिडीचा शेठ म्हणाला, बाई, आसंच चाललं तर वळायला पानं न्हाय मिळायची. मग खायाचं काय? तिला घालायचं काय?

तशी थोरल्याकडनं कवा धड येत न्हाय ती. दर बारीला पाठीला जखम. चार महिनं केसाला फणी न्हाय — आज बघितलं मी, जटा झाल्यात. जावेला सोताचा आंबाडा घालाय येळ हाय! त्या जटा सोडवायला मला आठ दिस लागतील— लागतील म्हंजी, ज्याच्या घरी ऱ्हाईल त्याला लागतील. मला काय करायचंय? मी काय तिच्या पोटची हाय?

काय? नाव श्रावणाचं म्हणून श्रावणवाल्याचाच? पोथीत लिवलंय आसं? बरं. तुमीबी पुरुषच की.

आन् आता ती कुटं हाय म्हणून काय इचारताय? ओट्यावर हाय. दाराला कुलूप घालून आले मी. व्हय, सकाळधरनं! घरात घेतली आस्ती तर महिना माजा झाला आस्ता न्हवं? शेजारची गोजाबाई बघतीया. बघतीया म्हंजी नुसतं बघतीया — हात लावाय गेलं की आरडती म्हातारी. भावजी उचलाय लागलं तवाबी आरडली. माज्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाय ती सटवी...

मिटा त्ये पंचांग. काय बगू नका माज्याकडं आसं. सरका, जाऊ द्या मला. सकाळधरनं तिला कुणी मोरीवर न्हेलं न्हाय.