वजन वाढवा

भिवंडीच्या स्टँडवर कोनच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे काशी उभी होती. दापोड्याला दिलेली तिची नणंद गोदू तिला तिथंच भेटली.

"वयनी, रघूदादाचं आपरेशन झालं?"

"न्हाय. स्वादुपिंडात गाठ हाय. मुंबईचा डाक्टर बोललेला, आधी वजन वाढवा, तवा कापू. दिसातून सहा वेळा थोडं थोडं भरवा."

"मंग?"

"म्हैनाभर भरवलं. अंडी, मऊ भात, मुगाचं कढन. अर्धं ओकायचे, मी परत भरवायची. काल काट्यावर चार किलो जास्ती भरले. मी तिथंच देवाला हात जोडले."

"बरं झालं की!"

"डाक्टरनं पायावर बोट दाबलं. खड्डा पडला, तो भरंचना. बोलला, हे मांस न्हाय, पानी हाय. आता कापता येनार न्हाय."

"मंग खायाला काय द्यायचं?"

"बोलला, आवडंल ते द्या."

"काय मागलं दादानं?"

"सुके बोंबील. रातीच भाजले."

"खाल्ले?"

"ताट नाकाशी धरलं. बोलले, काशे, वासानंच पोट भरलं, तू जेव."

"तू जेवलीस?"

"जेवले, गोदू. त्यांच्यासमोर बसून सगलं संपवलं. ते बघत व्हते."