गल्ल्यावरची शिकवणी

“गल्ल्यावर नको गं बसवूस तिला, तोंड उघडलं की गिऱ्हाईक हसतं” – हे तूच म्हणालीस ना तुझ्या मम्मांना, ओर्नेल्ला? मान नको हलवूस, मी भिंतीपलीकडेच होते, मिठाईच्या खोक्यांना रिबिनी बांधत. हात गुंतले होते, कान मोकळेच होते. आणि मम्मा काय म्हणाल्या? “अगातीना गुणी आहे, पण सिसिलीची.” पण! तुझा भाऊ तिथेच कस्टर्ड ढवळत होता. आमच्या लग्नाला पाच महिने झाले, इतकं मन लावून ढवळलेलं कस्टर्ड मी अजून पाहिलं नाही.

असो. वही उघड. गुरुवारी तोंडी परीक्षा, पास झालीस तर शाळेत नोकरी – आणि गेल्या वेळी याच आडमुठ्या क्रियापदांपाशी दातखीळ बसली, होय ना? साहजिकच आहे. भूतकाळाची ही रूपं तुम्हा उत्तरेकडच्या बेर्गामोवाल्यांकडे फक्त पुस्तकात राहतात, शेकडो वर्षांपूर्वीच्या राजेरजवाड्यांसाठी. आमच्याकडे ती स्वयंपाकघरात असतात – सकाळी पाव आणला, दूध उतू गेलं, कप फुटला, सगळं त्यांच्यातच. त्या दिवशी वकीलसाहेबांनी क्रीमरोल मागितले, मी आपलं आमच्या पद्धतीनं म्हटलं, ‘संपले’ – तर म्हणाले, “कुठल्या शतकात?” अख्खं दुकान हसलं. तू तर डोळे पुसलेस. संध्याकाळी माझी रवानगी मागच्या खोलीत. मी आरशासमोर उभं राहून तुमच्यासारखं बोलायचा सरावही केला, दोन आठवडे – ते जाऊ दे. गंमत बघ, जे तोंडातून निघालं म्हणून मी मागे, तेच तोंडातून निघेना म्हणून तू नापास. आणि आता दोघी इथे खोक्यांच्या ढिगात, दार लोटून. दार तू लोटलंस हं, मी नाही.

चल, ‘गप्प राहणे’ घेऊ. मी गप्प राहिले – ताक्क्वी. तू – ताचेस्ती. तो – ताक्क्वे. म्हण. अगं, मोठ्यानं! याचा माझा पाच महिन्यांचा रियाज आहे, चूक लगेच कळते. ‘तो’चं रूप जांपिएरोला विचार, नवरा म्हणून सांगत नाही, पण फार सफाई आहे त्याची.

कोण – मम्मा? या की आत, दाराआड कशाला उभ्या राहता. शिकवते ना हिला, गुरुवारपर्यंत रोज शिकवते. पण इथे नाही. उद्या रविवार, चर्च सुटलं की सगळं गाव मिठाई न्यायला येईल. मी गल्ल्यावर बसेन, ही माझ्या शेजारी उभी राहील, आणि गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं ही रूपं म्हणेल. वकीलसाहेबांपासून सुरुवात करू. मागे रिबिनी कोण बांधणार? मम्मा, अगदी सोपं आहे – दोन गाठी मारायच्या, टोकं कात्रीच्या पात्यावरून ओढायची. बसा, ही घ्या कात्री.