ग्विलिमची शिट्टी

इड्वल : ...आणि हेही घे तुझ्या कॅमेऱ्यात, नेरिस. हे इंजिन चालवणारा मी, पुसणारा मी, आणि रविवारी स्टेशनचा संडास धुणाराही मीच. पगार शून्य, चहा घरचा. खाण बंद पडली, रूळ भंगारात निघाले होते, तेव्हा तुझ्या बापाने, ग्विलिमने, आम्हाला गोळा केलं. इंग्रज पाहुणे हिला खेळण्यातली गाडी म्हणतात. म्हणोत बापडे!

नेरिस : घेतलं. आता कॅमेरा बंद करते, काका. फिल्मचं निमित्त होतं. मला तुमच्याशी बोलायचंय.

इड्वल : बाप रे, मास्तरणीचा आवाज! काय चुकलं माझं?

नेरिस : आमच्या घराखालच्या फाटकाशी ती शिट्टी वाजवू नका.

इड्वल : शिट्टी नको? मग मेंढरं चिरडू?

नेरिस : शिट्टी द्या. बाबांची नको. एक लांब, दोन तोकड्या, ती.

इड्वल : अगं, ग्विलिमला माती दिली त्याच दिवशी आम्ही सगळ्या ड्रायव्हरांनी ठरवलंय. ही रविवारची गाडी आहे तोवर त्या फाटकाशी त्याचीच शिट्टी. तुझी आई खिडकीत येते, हात हलवते. आम्हाला भरून येतं गं.

नेरिस : ती तुम्हाला हात हलवत नाही, काका. बाबांना हलवते.

इड्वल : म्हणजे?

नेरिस : त्या शिट्टीचा अर्थ ठाऊक आहे ना?

इड्वल : न कळायला काय झालं! ‘मेना, चहा टाक, आलोच.’ किती पिडायचो आम्ही त्याला त्यावरून.

नेरिस : ती अजून टाकते. आईच्या लक्षात हल्ली काही राहत नाही, पण ती शिट्टी राहिलीय. दोन कप मांडते. त्यांचा आवडता मनुकांचा पाव, ‘बारा ब्रीथ’, कापते, त्यांच्या तुकड्याला लोणी जास्त. त्यांच्या सपाता शेगडीजवळ ठेवते. अंधारलं की मला विचारते, अजून कसे आले नाहीत? मग मला सांगावं लागतं.

इड्वल : की तो...

नेरिस : आणि तिला ते दर वेळी पहिल्यांदाच कळतं. दर रविवारी माझ्या तोंडून तिचा नवरा मरतो, काका. मला आता नाही होत.

इड्वल : देवा! आणि आम्ही समजत होतो, आम्ही त्याला मान देतोय. आधी का नाही बोललीस?

नेरिस : इतक्या प्रेमाने वाजवत होतात. कुठल्या तोंडाने सांगणार?

इड्वल : चढ. इथेच उभी राहा, माझ्याजवळ. सवयीने हात जाईल माझा. गेला तर धर.

(फाटक मागे पडलं आहे. वरच्या स्टेशनात इंजिन पाणी घेतंय. फोन वाजतो, नेरिस त्याचा आवाज मोठा करते.)

मेना : नेरिस? गाडी गेली गं आत्ता.

नेरिस : हो आई. मी त्याच गाडीत आहे.

मेना : कोण चालवतंय?

नेरिस : इड्वलकाका.

मेना : तरीच. नुसतीच वाजवली. मी उठलेच नाही. पाऊस येतोय, कपडे काढायला हवेत. येताना दूध आण.

नेरिस : आणते.

मेना : आज रविवार ना? कुणी यायचं होतं का गं आपल्याकडे?

नेरिस : नाही, आई. कुणी नाही.

मेना : मला वाटलं, कुणीतरी... असो. दूध विसरू नकोस.

इड्वल : ठेवला तिने?

नेरिस : हो.

इड्वल : ग्विलिम पार पुसला गेला गं.

नेरिस : मीच सांगितलं ना तुम्हाला.

इड्वल : चुकलो का आपण?

नेरिस : माहीत नाही. आज ती रडणार नाही, एवढंच कळतंय मला. काका, बोगद्याच्या पलीकडून आवाज घरापर्यंत जातो?

इड्वल : छे! मध्ये अख्खा डोंगर आहे.

नेरिस : मग तिथे एकदा वाजवाल? बाबांची?

इड्वल : फिल्मसाठी?

नेरिस : नाही. कॅमेरा पिशवीत ठेवलाय.