धाड कुणी फोडली

वॉल्ट : सतरा. एकोणीस वेळा धाड घातली, सतरा वेळा फसली. थांब, टेप मागे घेतो, परत मोजू.

आयरीन : सकाळपासून चार वेळा मोजलीस. आकडा काही बदलत नाही, अंडी मात्र गार झाली.

वॉल्ट : दहा सामने, आयरीन. दहाच्या दहा जिंकले. समोरच्या चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला माझ्या पोरांनी एक्कावन्न वेळा जमिनीवर लोळवला. आणि काल उपांत्य सामन्यात फक्त दोनदा. ग्रँट्स फेरी गावाचं ते पोरगं चेंडू हातात घेऊन असं निवांत उभं होतं, जसं काही बसची वाट बघतंय.

आयरीन : टेरी काय म्हणाला?

वॉल्ट : मुख्य कोच काय म्हणणार? म्हणाला, वॉल्ट, बचाव तुझा, तूच शोध. माझ्या निम्म्या वयाचा माणूस, पण नीट बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हे बघ, इथे बघ. आपला रिची मधून सुटला, पुढे धावला. त्याची जागा रिकामी झाली ना? चेंडू कुठे गेला?

आयरीन : रिकाम्या जागेत.

वॉल्ट : आणि त्यांचा माणूस तिथे आधीच येऊन उभा. आता धाड म्हणजे काय? घरातली सगळी माणसं चोराच्या अंगावर सोडायची आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं. चोराला पत्ता नसला तर तो सापडतो. पत्ता असला तर शांतपणे मागच्या दाराने भांडीकुंडी घेऊन जातो. काल सतरा वेळा भांडी गेली. आम्ही नुसती हूल दिली, धाड घातलीच नाही, तेव्हा ते फसले का? एकदाही नाही. हे नशीब नाही. कुणीतरी फोडलं.

आयरीन : आणि तू ठरवून टाकलंस, की रिचीने.

वॉल्ट : मी कशाला ठरवू? हिशेब सरळ आहे. खुणा मी दर सोमवारी बदलतो. कडेला उभा राहून उजव्या हाताने मी त्या करतो, टोपी, कान, पट्टा, आणि त्यांचा अर्थ फक्त रिचीला माहीत असतो. तो वाचतो आणि बाकी दहा जणांना सांगतो. म्हणजे माहीत कुणाला? मला आणि रिचीला. मी तर सांगितलं नाही. आणि रिचीचा मामा राहतो कुठे? ग्रँट्स फेरीत. गेल्या रविवारी जेवायला कुठे होता? मामाकडे.

आयरीन : मामाकडे पिरोगी खायला गेला म्हणून चोर?

वॉल्ट : मग तू सांग दुसरं कोण.

आयरीन : काल सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत तू त्याला काय म्हणालास, ते आधी सांग. मला सगळं कळलंय, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.

वॉल्ट : विचारलं. आमचं घर कुणाला दाखवून आलास, असं विचारलं.

आयरीन : सगळ्यांसमोर.

वॉल्ट : हरलोही सगळ्यांसमोरच ना.

आयरीन : उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मघाशी त्याच्या आईचा फोन आला होता, तू अंघोळीला गेला होतास तेव्हा. पोराने हेल्मेट बाकावर ठेवलं आणि चालत सुटला. बसमध्ये बसला नाही, बाप गाडी घेऊन मागे गेला तर गाडीतही बसला नाही. पूल ओलांडून घरापर्यंत चालत गेला, खेळाचे मोजे घालून. बुटांचं त्याला भानच नव्हतं. ती रडत नव्हती, वॉल्ट. ती मला विचारत होती, आयरीन, माझ्या पोराने खरंच असं केलं का गं? आईने मला विचारावं? तिला स्वतःच्या पोराबद्दल शंका आली, तुझ्या एका वाक्याने.

वॉल्ट : मलाही आनंद झाला नाही. नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखतो मी त्याला.

आयरीन : बारा वाजता कॉलेजच्या माणसाचा फोन येणार आहे ना?

वॉल्ट : येणार आहे. त्यांना रिचीबद्दल माझा शब्द हवाय.

आयरीन : काय सांगणार?

वॉल्ट : खरं ते. हात-पाय पहिल्या नंबरचे, डोकंही चांगलं. इमानाची खात्री मी देत नाही.

आयरीन : म्हणजे शिष्यवृत्ती गेली. कारखाना बंद झाल्यापासून त्याचा बाप दुसऱ्यांच्या छपरांना डांबर लावतोय. तो पोराला काय देणार?

वॉल्ट : ते मला सांगू नकोस. मी खोटा शब्द देत नाही. तीस वर्षांत दिला नाही.

आयरीन : मग आज खोटा देशील. कारण रिचीने काही केलेलं नाही. वॉल्ट, ती टेप बंद कर. आणि ही लाव.

वॉल्ट : ही काय? यावर ‘दहावा सामना’ लिहिलंय. ही बघितलीय मी. आपण सहज जिंकलो होतो.

आयरीन : ही तू बघितलेली नाहीस. आधी ऐकून घे. मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला पुढचं सांगायचं धैर्य होणार नाही. गेल्या शनिवारी मी नेहमीसारखी पेट्रोल पंपावर गेले. ग्रँट्स फेरीचा माणूस आला. त्याने त्यांच्या सामन्याची टेप दिली, मी आपली दिली.

वॉल्ट : ते दर शनिवारीच होतं. उघड व्यवहार आहे. दोघांनी एकमेकांचा मागचा सामना बघायचा. वरून घेतलेला, सगळं मैदान दिसेल असा, आणि त्यात कोच दिसत नाहीत.

आयरीन : दहाव्या सामन्याला वरच्या खोलीत मी दोन कॅमेरे लावले होते. शाळेचा तिपाईवर, मैदानावर रोखलेला. आणि आपला घरचा माझ्या हातात.

वॉल्ट : घरचा कशाला?

आयरीन : तुझ्यावर. प्रत्येक वेळी चेंडू सुटेपर्यंत तुझ्यावर, मग मैदानावर. दोन्हींच्या टेपा केल्या. तुझी माझ्या कपाटात जाणार होती. तुला ओळखू येऊ नये म्हणून दोन्हींवर एकच नाव लिहिलं, दहावा सामना. तू कपाट उघडलं असतंस तरी तुला वाटलं असतं, जास्तीची प्रत आहे. मी अशी शहाणी. तुला फसवायला गेले आणि पंपावर स्वतःच फसले. काल सामन्याआधी फाटकापाशी त्या माणसाने टेप परत केली. आज तू उठायच्या आधी लावली, तेव्हा कळलं कुठली दिली होती ते.

वॉल्ट : तू माझ्या खुणांची टेप ग्रँट्स फेरीला दिलीस.

आयरीन : हो.

वॉल्ट : तू.

आयरीन : मी. एकतीस वर्षं तुझ्याबरोबर राहून.

वॉल्ट : थांब. थांब जरा. तरी जमत नाही. खुणा मी सोमवारी बदलल्या. त्या टेपेवर जुन्या आहेत. जुन्या खुणा घेऊन ते काय करणार, दारावर तोरण लावणार? नाही आयरीन, तू उगाच पोराला वाचवायला बघतेयस.

आयरीन : त्यांनी खुणा बघितल्याच नाहीत. टेप लाव. मी हा चर्चचा कागद तुझ्या उजव्या हातावर धरते, म्हणजे तुझी टोपी, कान, पट्टा काही दिसणार नाही. तू सांग, धाड येतेय की नाही.

वॉल्ट : हा काय खेळ आहे?

आयरीन : खेळच आहे. सांग.

(वॉल्ट टेप लावतो. आयरीन पडद्याच्या डाव्या बाजूला कागद धरून उभी राहते.)

वॉल्ट : काय बघायचं यात? मी उभा आहे. डावा हात खाली सोडलेला. नुसता उभा आहे.

आयरीन : धाड?

वॉल्ट : मला काय माहीत. नसेल.

आयरीन : चालू दे. बघ, नव्हती. पुढचं.

वॉल्ट : परत उभा आहे. हा हात... मागे घे जरा.

आयरीन : घेतलं.

वॉल्ट : थंडी होती का त्या दिवशी?

आयरीन : नव्हती. लोक बाह्या वर करून बसले होते. धाड?

वॉल्ट : येतेय.

आयरीन : आली. पुढचं.

वॉल्ट : नाही. हात शांत आहे.

आयरीन : पुढचं.

वॉल्ट : येतेय. येतेय. बंद कर ते.

आयरीन : अजून दोन बघ.

वॉल्ट : बंद कर म्हणतो ना.

आयरीन : केलं. बस. खुर्चीवर बस आधी.

वॉल्ट : हा माझा हात आहे?

आयरीन : हो.

वॉल्ट : मला कळतसुद्धा नव्हतं. म्हणजे कळत होतं, घरी कप उचलताना. पण तिथे, मैदानावर? तिथे मी तीस वर्षं उभा आहे. तिथे माझा हात असा हलतो? वाऱ्यावरच्या पानासारखा?

आयरीन : एप्रिलमध्ये विचारलं तर तू म्हणालास, कॉफी. कॉफी सोडलीस. ऑगस्टमध्ये विचारलं तर म्हणालास, वय. मग डावा हात खिशात घालायला लागलास, आणि मी विचारणं सोडलं. एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, कधी थरथरतो? मी म्हटलं, नुसता खाली सोडलेला असला की, आणि जिवाला घोर लागला की जास्त. ते म्हणाले, नवरा येत नसेल तर निदान दाखवा मला, चित्रफीत आणा. येत्या मंगळवारी न्यायची होती.

वॉल्ट : आणि ती ग्रँट्स फेरीच्या कोचकडे, बॅरनिककडे गेली.

आयरीन : काल त्यांचा तो दुर्बीणवाला आठवतोय? मी वरून बघत होते. बाकीचे सगळे मैदानाकडे बघतायत आणि तो सबंध वेळ आपल्या बाकाकडे. मी शेजारणीला म्हटलंसुद्धा, हा वेडा सामना बघायला आलाय की माणसं मोजायला.

वॉल्ट : आणि त्यांचं ते क्वार्टरबॅक पोरगं दर वेळी त्याच्याकडे मान वळवायचं. ते दिसलं मला. मला वाटलं, घाबरलंय. म्हणजे रिचीला ओरडत होतो ते...

आयरीन : ते ओरडणं चुकीच्या माणसावर गेलं.

वॉल्ट : बॅरनिकने मला फोन करायला हवा होता. वीस वर्षांची ओळख आहे. चुकीची टेप आली, वॉल्ट, एवढं तरी म्हणायचं.

आयरीन : आणि पुढे काय म्हणायचं त्याने? वॉल्ट, तुझा हात बघून घे? बरं, तू त्याच्या जागी असतास, उपांत्य सामना तोंडावर, तर केला असतास?

वॉल्ट : नसता केला.

आयरीन : मग झालं. दोष द्यायचा तर मला दे. टेप माझ्या हाताने गेली.

वॉल्ट : तुझ्या टेपेने हात हलवला नाही. धाडीच्याच वेळी का गं? सांग ना. बाकीच्या वेळी शांत असतो.

आयरीन : तुलाच माहीत. धाड सोडताना तुझ्या मनात काय चालतं?

वॉल्ट : मागचं दार. प्रत्येक वेळी मागचं दार. पोरांना सांगतो, एकदा निघालात की मागे बघायचं नाही, भ्यायचं नाही. आणि मी मात्र... एक्कावन्न वेळा त्या क्वार्टरबॅकांना पाडलं, आणि एक्कावन्नही वेळा मी भ्यालो होतो. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, दिसत नसेल.

आयरीन : मला दिसत होतं.

वॉल्ट : मला भीती वाटतेय, आयरीन. सामन्याची नाही.

आयरीन : मलाही वाटतेय. मंगळवारी दोघं जाऊ.

वॉल्ट : काय असेल ते?

आयरीन : डॉक्टरांनी एक नाव घेतलं. मंगळवारपर्यंत मी ते घेणार नाही. ऊठ, फोन वाजतोय.

वॉल्ट : बारा वाजले?

आयरीन : वाजले. तू घे. मी बाहेर जाऊ?

वॉल्ट : कुठे जाऊ नकोस. ... हॅलो. हो, मीच वॉल्ट कोव्हाच. ... रिची सोबचाक, हो. नंबर चोपन्न. ... खेळ तुम्ही बघितलाच आहे. ... बरोबर, कालची रात्र वाईट गेली. एकोणीसपैकी सतरा. ... नाही साहेब, पोराने चूक केली नाही. मी सांगितलं तेच त्याने केलं, सतराही वेळा, फसतंय हे दिसत असताना. ... कारण? कारण मी होतो. माझा डावा हात थरथरतो, धाड सांगताना जास्त. समोरच्यांना ते दिसलं. ... हो, आजारपण असावं. अजून नाव कळलं नाही. ... इमान? साहेब, काल मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही. हेल्मेट ठेवलं आणि चालत घरी गेला. आता तुम्हीच सांगा, माझ्या शब्दाला किंमत किती आणि त्याच्या इमानाला किती. ... हो. सोमवारी या. त्याच्या घरी या. ... ठेवतो.

आयरीन : काय म्हणाला?

वॉल्ट : म्हणाला, सोमवारी येतो.

आयरीन : सोबचाकांना फोन लावू? त्याच्या आईला आधी सांगते.

वॉल्ट : फोनवर नको. आरोप तोंडावर केला, माफीही तोंडावरच मागायची. आणि सोमवारी परत, सगळ्या पोरांसमोर.

आयरीन : त्याने दारच उघडलं नाही तर?

वॉल्ट : तर पायरीवर बसेन. त्याचे बूट अजून शाळेत आहेत, ते आधी घेऊन जाऊ.

आयरीन : कोट घाल. बाहेर गारठा आहे.

वॉल्ट : घालतो. ही घे किल्ली. ट्रक तू चालव.