माझा हात कोणी भाजला

वाचा-उपचाराच्या खोलीबाहेर बाकावर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या हाताला बँडेज होतं. वडील आत होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला होता.

"मी दारातून पाहिलं, उपचाराच्या बाईंनी आजही तीच दोन चित्रं दाखवली. एकात आई स्वतःला पुसते, दुसऱ्यात मुलीला. 'आई स्वतःला पुसते' म्हटलं की बाबा वाटेल त्या चित्रावर बोट ठेवतात."

"आणि तीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं गं या माणसाने!"

"शब्द सगळे कळतात त्यांना. कोणी कोणाला, तेवढंच निसटतं."

"म्हणून तर माझ्या हाताचं मनाला लावून घेतलंय. आई, हात, भाजला, इतकंच पोचतं. मी किटली उचलली तेव्हा शेजारी उभे होते ना, त्यांना वाटतं आपणच भाजलं."

"मी रोज सांगते की, आईने स्वतःच स्वतःचा हात भाजून घेतला म्हणून."

"आणि ते रोज स्वतःच्या छातीवर बुक्क्या मारतात. चार दिवस अन्नाला शिवले नव्हते."

"नव्हते? म्हणजे आज जेवले?"

"जेवले. तू ऑफिसला गेल्यावर. ताट पुसून जेवले."

"काय जादू केलीस?"

"त्यांचा हात धरला आणि म्हटलं, तुम्ही भाजलंत. मी माफ केलं."

"आई! अगं, त्यांनी काहीच केलं नव्हतं."

"माहीत आहे मला. पण हे त्यांना लगेच कळलं."