रिंगणाबाहेरचा फोन

आखाती शहरातल्या अल नस्र भागातल्या दवाखान्यात समोरच्या दोघी एका पुस्तकावर वाकून हसत होत्या. केतकीनं मुखपृष्ठ ओळखलं. बाबांनी आपल्या मंत्रसाधनेच्या फजितीवर लिहिलेलं ते पुस्तक. बाबा गेल्यापासून तिला ते उघडवलं नव्हतं.

“लताताई, हे दुखान गावातल्या घरातलं ऐका. रांगोळीचं रिंगण, मेणबत्त्या, धूप, आणि अंगावर झगा म्हणून खिडकीचा पडदा!”

“अगं बाई!”

“धुराचा अलार्म वाजला. फायरवाले दारात ‘यल्ला, यल्ला, चला बाहेर’ करतायत आणि लेखकमहाशय आतून सांगतायत, विधी संपेपर्यंत रिंगण ओलांडता येत नाही!”

“एवढं कशासाठी गं?”

“रुसलेल्या मुलीचा फोन यावा म्हणून.”

“मग, आला?”

“तेव्हाच आला! फोन सोफ्यावर, हे रिंगणात. वाजून वाजून खलास.”

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुस्तक त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावं, असं केतकीला वाटलं.

“कसला बाप मिळालाय त्या मुलीला! घरात नुसता दंगा असेल. आमचे बाबा तर जेवतानासुद्धा बोलत नसत.”

“आमचेही,” केतकी म्हणाली.